कशेळीचा हत्ती आणि माझा पहिला कॅमेरा: निकॉन डी३५००, सहा वर्षांच्या वापरानंतर

कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, हत्ती दुपारी बारा वाजता दिसत नाही. कातळात कोरलेली सुमारे १८ मीटर लांबीची आकृती, तिच्या पोटात कोरलेले कितीतरी लहानमोठे प्राणी, आणि तरी ऊन डोक्यावर असलं की पायाखाली नुसता तापलेला कातळ. रेघ उथळ आहे. तिच्यात सावली पडली तरच डोळ्याला ती सापडते, आणि सावली पडते सकाळी सूर्य सड्याच्या कडेला असताना, नाहीतर संध्याकाळी तो समुद्राकडे उतरताना. मी चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन तिथे तीनदा गेले होते, तिन्ही वेळा दुपारी. मोबाईलमध्ये जे फोटो आले त्यात मुलं होती, हत्ती नव्हता.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात रत्नागिरीत शिकणाऱ्या भाचीने फोन केला, "मावशी, पहिला डीएसएलआर कुठला घेऊ?" तिला फोनवर पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते फार अपुरं वाटलं. कॅमेऱ्यांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या कोरड्या घरात बसून लिहिलेलं असतं. आमच्याकडे चार महिने भिंतीला पाणी सुटतं आणि उरलेले आठ महिने खारा वारा. इथे कॅमेरा निवडणं आणि तो जगवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी २०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत निकॉन डी३५०० घेतला. भिशीचे ४० हजार हातात होते, त्यापलीकडे एक रुपयाही नव्हता. राजापुरातून अणुस्कुऱ्याच्या घाटाने एसटी पकडली की कोल्हापूर गाठता येतं, म्हणून तिकडच्या दुकानात गेले. जाताना वहीत तीन नावं लिहून नेली होती: निकॉन डी३५००, कॅनन १५००डी आणि कॅनन २००डी मार्क २. दुकानातल्या दादांनी चौथा काढून ठेवला, कॅनन ३०००डी. "मॅडम, शिकायला हा पुरतो, सगळ्यात स्वस्त आहे." मी तो बाजूला सारला, आणि आजही तेच करेन. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग, १८ मेगापिक्सेलचा, मागचा स्क्रीन २.७ इंचाचा आणि अगदी ढोबळ दिसणारा, लेन्स जिथे बसते ते कडं प्लॅस्टिकचं. शिकणाऱ्याला तर स्क्रीन चांगला हवा. फोटो हलला की फोकस चुकला हे जागच्या जागी कळलं नाही तर तो शिकणार कशावरून?

उरलेल्या तिघांचे मेगापिक्सेल जवळजवळ सारखे, २४च्या आसपास. तेव्हा तो आकडा मी वहीतून खोडूनच टाकला. ए३ आकाराचा स्वच्छ छाप काढायला सतरा-साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात, आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर त्याहून मोठं काही लागत नाही.

मग मी तिघांना आळीपाळीने हातात धरलं. हे मात्र प्रत्येकाने करावं. डी३५०० रिकामा ३६५ ग्रॅमचा, बॅटरी आणि कार्ड घालून ४१५ ग्रॅम. बाकी दोघेही फार जड नाहीत, पण डी३५००ची मूठ खोल आहे. माझा हात लहान, तरी करंगळीसुद्धा नीट बसली, मनगटावर ताण आला नाही. माहितीपत्रकात ही गोष्ट सापडत नाही. सड्यावर दोन तास चालताना कॅमेरा सारखा हातात असतो, गळ्यातला पट्टा घामाने टोचायला लागतो, तेव्हा ती मूठ कळते.

डोळ्याला लावायची खिडकी हेही मोठं कारण होतं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावरून वर जातो आणि सरळ आपल्या डोळ्यात येतो. आपण खरा उजेड पाहतो. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर किंवा भाट्याच्या वाळूत मोबाईलचा स्क्रीन काळा पडल्यासारखा होतो, हाताचा आडोसा करून अंदाजाने बटण दाबावं लागतं. इथे तसं होत नाही. या वर्गातल्या कॅमेऱ्यांच्या खिडकीत चौकटीचा साधारण ९५ टक्के भाग दिसतो, म्हणजे फोटोत कडेला थोडं जास्तीचं येतं. मला ते सवयीचं झालंय. नंतर कापता येतं.

बॅटरीचा आकडा वाचून मला दुकानात विश्वास बसला नव्हता. सीआयपीए नावाची मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिच्याप्रमाणे डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो काढतो. २००डी मार्क २ साधारण १०७०, १५००डी ५००. तेव्हा वाटलं, आपल्याला कशाला हव्यात इतक्या, घरी चार्जर आहेच.

मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. १६ तारखेला आमच्या वाडीवरून वारा गेला तो आवाज अजून कानात आहे. पत्रे उडाले, पोफळी मोडल्या, काढायला आलेला आंबा झाडाखाली पडला. नंतर चार दिवस लाईट नव्हती. सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेले. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला कधी पोहोचतील ते माहीत नव्हतं, आणि लोकांना तर आवरायला सुरुवात करणं भाग होतं. पावसाळा दारात होता, घर उघडं टाकून कोण बसणार? शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या कॅमेऱ्यात निदान धरून तरी ठेवा." मी घरोघर गेले. प्रत्येक घराचं छप्पर, प्रत्येक पडलेलं कलम, बुंध्याशी मालकाला उभं करून. चार दिवसांत सहाशेच्या वर फोटो काढले आणि बॅटरीचं चिन्ह निम्म्यावरसुद्धा आलं नव्हतं. लाईट आल्यावर ते सगळे ज्याच्या त्याच्या हवाली केले. त्या चार दिवसांनंतर कोणी मला बॅटरीबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा हाच प्रसंग सांगते.

आता लेन्सबद्दल, कारण नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते इथे.

कॅमेऱ्यासोबत १८-५५ची किट लेन्स येते. हे आकडे मिलीमीटरचे: लहान आकड्यावर जास्त दृश्य मावतं, मोठ्यावर लांबचं जवळ येतं. तिला लोक उगाच नावं ठेवतात. ती आवाज न करता फोकस करते, हात थरथरला तर सावरून घेते आणि २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ देते. तेवढ्या जवळून जेमतेम सहा सेंटीमीटर रुंदीची जागा चौकट भरून येते. पावसाच्या सुरुवातीला आमच्या सड्यावर दीपकाडी फुलते, कोकणातली, मातीचा पातळ थर धरून उगवणारी पांढरी फुलं. त्या फुलाच्या पाकळीवरचा थेंब मी याच लेन्सने टिपला आहे. पहिलं वर्ष हिच्यावरच काढावं. १८ वर ठेवलं की हत्तीच्या आकृतीचा बराच भाग मावतो, पूर्ण मात्र डोळ्याच्या उंचीवरून मावत नाही. मी तिपाईचे पाय मिटवून, वर कॅमेरा घट्ट बसवून, सेल्फटायमर लावून ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरते. सहावीतला एक मुलगा लांबून ओरडून सांगतो, "बाई, डावीकडे कलला!" असे पंधरा-वीस काढले की एक सरळ येतो. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, कशेळीचं नाव त्यात आहे. ज्या मुलांच्या वाडीजवळ ती आहेत त्यांच्या वर्गात त्यांचा एक धड फोटो असावा एवढीच माझी इच्छा होती. तो आता आहे, दारासमोरच्या भिंतीवर.

पण शिमगा आला आणि किट लेन्सने हात टेकले. रात्री पालखी नाचते तेव्हा उजेड किती असतो? होळीचा जाळ, देवळाच्या अंगणातले दोन दिवे, कोणाच्या तरी हातातली बत्ती. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). कॅमेरा मग शटर बराच वेळ उघडा ठेवतो आणि नाचणाऱ्या खांद्यांच्या जागी नुसत्या रेघा उमटतात. फ्लॅश मारला तर जाळाचा तो तांबूस रंग मरतो, चेहरे पिठासारखे पांढरे पडतात, आणि देवापुढे असा लखलखाट करणं मला बरंही वाटत नाही. त्यासाठी मी पुढच्या वर्षी पैसे साठवून ३५ एमएम एफ/१.८ घेतली. २०० ग्रॅमची छोटी लेन्स आहे, झूम नाही, मागेपुढे आपणच सरकायचं. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ दहापट आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची संवेदनशीलता, ३२००, शटर १/१६० सेकंद, लेन्स पूर्ण उघडी. पहिला फोटो मागच्या स्क्रीनवर पाहिला तेव्हा मी अंगणातच खाली बसले. गुरवांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, गुलाल हवेत दिसत होता, आणि मागे होळी होळीसारखी होती. आयएसओ वाढवल्यामुळे फोटोत बारीक रवा येतो, तो मोठा करून पाहिला तर दिसतो. मला चालतो.

भाचीला मी एवढंच निक्षून सांगितलं: पैसे कमी असतील तर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, स्वस्त घे, पण ३५ एमएम सोडू नकोस. कॅननकडे गेलीस तर त्यांची ५० एमएम एफ/१.८ आहे, तीही हलकी आणि फार चांगली. मात्र या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या रिळाच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने कॅननवर ती ८०सारखी वागते. देवळाच्या अंगणात माणूस टिपायला छान, आमच्या लहान वर्गखोलीत मात्र पाठ भिंतीला लागते. निकॉनवर ३५ ही साधारण ५२ होते, म्हणजे डोळ्याला जेवढं सहज दिसतं तेवढंच.

निकॉनच्या बाबतीत एक गोष्ट दुकानात जाण्याआधी माहीत हवी. डी३५००च्या आत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच ती आपोआप फोकस करते. जुन्या डी प्रकारच्या लेन्स वापरलेल्या बाजारात कमी पैशांत दिसतात. त्या या कॅमेऱ्यावर बसतात, पण फोकस हाताने फिरवून करावा लागतो. नाचणाऱ्या पालखीवर नवशिक्याला ते जमत नाही. तसंच ७०-३००. ही लांबची लेन्स दोन प्रकारात येते, एकीवर व्हीआर ही अक्षरं असतात आणि एकीवर नसतात. किमतीत फरक आहे, पण अक्षरं असलेलीच घ्यावी. आमच्या देवराईतल्या उंबरावर धनेश येऊन बसतो तेव्हा झाडाखाली काळोखच असतो. ३०० वर हात जरा हलला की सगळं फिसकटतं. व्हीआर हात सावरतं, पक्षी मात्र आपल्या वेळेनेच हलतो, म्हणून शटर १/५०० च्या आसपास ठेवावंच लागतं.

या कॅमेऱ्यात काय नाही, तेही सांगायला हवं. मागचा स्क्रीन बाहेर निघत नाही, वळत नाही, बोटाने चालत नाही. बाहेरचा माईक लावायला भोक नाही. वाय-फाय नाही, ब्लूटूथ आहे. फिरवायची चकती एकच, त्यामुळे पूर्ण मॅन्युअलवर काम करताना एक बटण दाबून धरून तीच चकती दुसऱ्या कामाला वापरावी लागते. यातली स्क्रीनची उणीव मला फक्त एका ठिकाणी खरंच जाणवली.

वेत्ये इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातले लोक ती कुंपणात जपतात आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. आम्ही मार्चमध्ये पहाटे पोहोचलो. पिल्लू तळहातापेक्षा लहान. उभं राहून वरून फोटो काढला की वाळूवर एक काळा ठिपका येतो, काही अर्थ नाही. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर उतरावं लागतं. मी दोरीच्या अलीकडे ओल्या वाळूत पोटावर झोपले, साडी वाळूने भरली, आणि खिडकीला डोळा लावायला मान वाकडी करावी लागली. माझ्या शेजारी एका मुलाकडे २००डी मार्क २ होता. त्याने स्क्रीन बाहेर काढून वर वळवला, कॅमेरा वाळूच्या वर एक वीत धरला, आणि बोटाने स्क्रीनवर पिल्लाला टोचलं. फोकस लगेच त्यावर. कॅननची स्क्रीनवरून फोकस धरायची पद्धत या दोघांत निर्विवाद चांगली आहे. डी३५०० खिडकीतून झटपट फोकस करतो आणि स्क्रीनवरून करायला लावलं की रेंगाळतो. म्हणून माझं मत असं: ज्याला नमन-खेळे, भजनं, शाळेचं स्नेहसंमेलन यांचे व्हिडिओ करायचेत त्याने कॅनन २००डी मार्क २ घ्यावा. माईकची सोय त्यात आहे, स्क्रीन फिरतो. फक्त त्याच्या ४के चित्रणाच्या भरवशावर घेऊ नये. ४केमध्ये चौकट कापली जाते आणि ती चांगली फोकसपद्धत चालत नाही, साध्या फुल एचडीवर मात्र तो उत्तम आहे. ज्याला फोटोच काढायचेत, दिवसभर रानात फिरायचंय आणि पैसे लेन्ससाठी राखायचेत त्याने डी३५०० घ्यावा.

पिल्लांवर फ्लॅश मारायचा नसतो. कॅमेरा पूर्ण ऑटोवर असला तर पहाटेच्या अंधुक उजेडात फ्लॅश आपणहून वर येतो. घरून निघतानाच चकती ऑटोवरून हलवून ठेवावी. चकतीवर गाइड नावाची एक खूण आहे, तिच्यावर ठेवलं की कॅमेरा एकेक पायरी समजावून सांगतो. मी दोन महिने त्याचा हात धरून चालले, मग ए या अक्षरावर आले (तिथे लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो), आणि सहा वर्षांत नव्वद टक्के फोटो तिथेच काढलेत.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट.

माझ्या बाबांकडे रिळाचा कॅमेरा होता. माझं बारसं, आजीची साठी, सगळं त्यात आहे. तो मला मिळाला तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी पसरलं होतं. बुरशी. चामड्याच्या पेटीत, कपाटात, किती पावसाळे गेले असतील देव जाणे. इतकं पाहूनही मी तेच केलं. २०२२च्या आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, ७०-३०० लेन्स रेक्झिनच्या बॅगेत घालून कपाटात वरच्या खणात ठेवली, नीट जपून ठेवतेय या समजुतीने. पावसात पक्षी कुठे टिपणार? गणपतीत बाहेर काढली. आकाशाकडे धरून पाहिली आणि पोटात गोळा आला. तीच जाळी, कडेकडेने आत सरकलेली. कोल्हापूरला नेऊन साफ करून घेतली. बुरशी गेली, पण काचेवरचा थर जिथे तिने खाल्ला तिथे अंधुक नक्षी कायमची राहिली. समोरून ऊन आलं की त्या लेन्सचा फोटो अजून धुरकट येतो.

बुरशीला लागतो ओलावा, काळोख आणि न हलणारी हवा. कपाट म्हणजे तिन्ही. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक मिळतो, तो मी पडवीत ठेवला तर जुलैत काटा नव्वदीच्या आसपासच घुटमळत होता. लेन्सला हवी असते चाळीस ते पन्नास टक्के. साठाच्या वर गेलं की धोका सुरू. शहरात लोक त्यासाठी विजेवर चालणारं कोरडं कपाट घेतात, चांगलंच असतं, पण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि त्याची किंमत एका लेन्सच्या जवळ जाते. मी भांड्यांच्या दुकानातून रबराच्या कडीचा, हवा न शिरणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा आणला. तळाला नारंगी सिलिका जेल अर्धा किलो, कापडी पुरचुंड्यांमध्ये. वर कॅमेरा, लेन्स, आणि तो मापक असा ठेवलेला की झाकण न उघडता बाहेरून वाचता येईल. जेलने पाणी धरलं की नारंगी रंग जाऊन तो हिरवट होतो. मग एका जुन्या कढईत मंद आचेवर परतून घ्यायचा, रंग परत येतो, पूर्ण गार झाला की डब्यात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. निळा जेलही मिळतो, पण त्यात रंगासाठी कोबाल्टचं रसायन असतं, घरात मुलं असताना नको. तांदळात ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तांदळाचा बारीक कोंडा लेन्सच्या फटीत जातो, मी तो प्रकार करणार नाही. बॅग मात्र डब्याबाहेर, दोरीवर टांगलेली. बॅगेचा अस्तरच पाणी धरून ठेवतो.

पावसाळ्यात दर रविवारी डबा उघडते, प्रत्येक लेन्स बाहेर काढते, दहा-वीस फोटो काढते. जेलइतकाच याचा उपयोग आहे. तेव्हापासून तीन पावसाळे गेले, नवा एक धागा दिसला नाही.

खाऱ्या वाऱ्याचं वेगळं. मिऱ्या बंदरावर लाटा फुटत असताना अर्धा तास उभं राहिलं की लेन्सच्या काचेवर बोट फिरवा, चिकट लागतं. तेच मीठ बटणांच्या फटीत जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून काचेपुढे साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे वर बसवायची पारदर्शक काच, लावला. किट लेन्सला ५५ मिलीमीटरचा लागतो, ३५ला ५२चा. घरी आल्यावर किंचित ओल्या, पिळलेल्या मऊ कापडाने बॉडी पुसायची, लगेच कोरड्याने. कोरड्या कापडाने आधी घासलं तर मीठ आणि वाळूचे कण ओरखडे पाडतात. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. आणि एसीच्या गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढायचा नाही. थंड काचेवर दमट हवा लागली की आतबाहेर दव धरतं. बॅगेतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा.

आता भाचीचा प्रश्न. डी३५०० २०१८ साली आला आणि निकॉनने तो बनवणं २०२२च्या सुमाराला थांबवलं. नवा कोरा आता शोधून मिळाला तर नशीब. नव्या गोष्टींचा ओघ आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलाय. ते उत्तम आहेत, फोकसच्या बाबतीत कितीतरी पुढे. पण त्यांची खिडकी हाही एक छोटा स्क्रीनच असतो, बॅटरी लवकर संपते, आणि लेन्ससकट किंमत विद्यार्थ्याला झेपत नाही. उलट लोक मिररलेसकडे वळताना आपले डीएसएलआर विकतायत. शिकायला वापरलेला डी३५००, किंवा त्याच्या आधीचा डी३४००, आणि वर ३५ एमएम, हे आजही मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

पण किनाऱ्यावरचा वापरलेला कॅमेरा डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. वरती फ्लॅश बसवायची जी धातूची खाच असते तिच्यात आधी पाहायचं. पांढरट किंवा हिरवट पूड दिसली तर त्या कॅमेऱ्याने मीठ खाल्लंय. तळाचे स्क्रू गंजलेत का ते बघायचं. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं, जाळी असेल तर लपत नाही. बॅगेला कुबट वास येत असेल तर लेन्स दोनदा बघायची. मग आपलं कार्ड घालून एफ/२२ वर पांढऱ्या आकाशाचा फोटो काढायचा, सेन्सरवर धूळ असेल तर काळे डाग उमटतात. ती साफ होते, पण तेवढी किंमत कमी करून मागावी. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर आजवर किती वेळा पडलंय तो आकडा असतो, घरी नेऊन संगणकावर उघडला की कळतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा असेल तर हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गेल्या रविवारी रत्नागिरीत आम्ही एक पाहिला. बाहेरून इतका चकचकीत की भाची पिशवीतून पैसे काढायला लागली होती. वरच्या खाचेत हिरवी पूड होती. मी तिला नुसतं बोटाने दाखवलं. ती काही बोलली नाही, कॅमेरा अलगद त्यांच्या हातात परत दिला आणि "थँक्यू काका" म्हणून बाहेर आली. दुसरा एक कोल्हापुरात आहे, एका निवृत्त शिक्षकांचा, शटर सात हजारांच्या आतबाहेर पडलंय असं ते फोनवर म्हणाले. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी घाट चढतोय. टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत, रिकामं कार्ड भाचीने आधीच स्वतःच्या पाकिटात ठेवलंय.